चकाकी खालच्या बाजूला

विकायला आलेला पोरगा कोल्बी, कानामागे पेन्सिल.
टेबलावर त्याने लाल दिवा लावला,
त्याखाली माझा हात धरायला सांगितला,
मग मधे सरकवला वर्खासारखा एक कागद.
धग गेली. दार लोटून घ्यावं, तशी.
हातच्या कांकणाला आरसा कशाला, खरंच आहे,
पण हा तर आरसाच विकायला आला होता.
पोटमाळ्याचे सगळे वासे मढवायचे
अठराशे चाळीस डॉलर.

लॅडीने गुरांच्या खाद्याच्या पावतीमागे हिशेब मांडला.
महिन्याला वीस वाचतील. उन्हाळा पाच महिने.
सहा, मी म्हटलं.
पाच, तो म्हणाला.
म्हणजे वर्षाला शंभर,
म्हणजे अठरा वर्षं आणि वर काही महिने.
मग त्याने पेन्सिल खाली ठेवली
आणि एकोणऐंशीत अठरा मिळवले नाहीत.
मी मिळवले. मनातल्या मनात, हातचा एक घेऊन.

मुलाचं ह्यूस्टनहून एकच पालुपद: विका ते घर.

खरं तर प्रश्न कागदाचा नव्हताच.
गेल्या मे महिन्यातल्या वादळात
पश्चिमेचा पिकान आडवा झाला.
लॅडीच्या वडिलांनी लावलेला.
इतकी वर्षं रोज दुपार अडवून धरली त्याने
आणि कधी बिल पाठवलं नाही.
आता रात्री अकरा वाजता
झोपायच्या खोलीचं छत पावाच्या भट्टीसारखं,
हात न लावताही कळतं.

नवं रोप लावू, लॅडी म्हणाला.
हॅलेट्सव्हिलच्या नर्सरीतल्या बाईला विचारलं,
छपरावर सावली यायला किती दिवस?
तिने हातमोजा काढला, आमच्याकडे पाहिलं,
आणि जरा हळू आवाजात म्हणाली,
अठरा-वीस वर्षं. पाणी नीट दिलंत तर.
परतताना ट्रकमध्ये बराच वेळ कोणी बोललं नाही.
रेल्वेच्या फाटकाशी लॅडीला हसू फुटलं,
मग मलाही. मागच्या गाडीने भोंगा वाजवला.
रोप घेतलं होतंच आम्ही.

शनिवारी पहाटे साडेपाचला शिडी लावली, मीच.
त्याच्या गुडघ्याला तीन पायऱ्या पुरतात.
पूर्ण घराचं नाही. एक गुंडाळी, चौऱ्याण्णव डॉलर,
फक्त झोपायच्या खोलीपुरती.
वर गांधीलमाश्यांचं रिकामं पोळं,
नाताळचे खोके, डिंक सुटलेला अकॉर्डियन,
छपरातून आत उतरलेले खिळे, डोकं वर केलं की टोचणारे.
घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात.
हे जागचे हलले नव्हते,
फक्त सुकून सुकून चहाच्या रंगाचे झाले होते.

दुकानदाराने बजावलं होतं:
चकाकी खाली, आणि खाली मोकळी हवा.
जमिनीवर अंथरलात तर धूळ बसेल,
धूळ बसली की संपलं.
खाली? मला वाटलं होतं, सूर्याला आरसा दाखवायचा.
नाही, बाई. कागदही तापतो,
जवळजवळ छपराइतकाच.
पुढे देत नाही, एवढंच.

खट्. खट्. स्टेपलरचा हात दुखायला लागला
तेव्हा मला आई आठवली:
बाबा कापसाच्या जिनवरून घरी यायचे
ती वेळ, आणि ती दारात.
तिच्यापर्यंत सगळं पोचायचं.
ताटांपर्यंत नाही.
इतक्या वर्षांत मी तिला थंड स्वभावाची म्हणत आले.

साडेसातला घामाने डोळे मिटायला लागले, उतरले.
तीन वाशांमधली जागा उरली आहे.
बाकीच्या घराचं अजून ठरलेलं नाही;
कोल्बीचं कार्ड फ्रिजवर, सशाच्या चुंबकाखाली.

रात्री लॅडीने अंधारात विचारलं, किती फरक पडला?
सात डिग्री, मी म्हटलं.
थर्मामीटर चार म्हणत होता.
तो कुशीवर वळला, चादर ओढून घेतली
आणि म्हणाला, बघ, गारठा वाटतोय.